उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सर फटाके का फोडतो?

सासवडकर

मंडळी, माझं रोज सासवड ते हडपसर आणि परत. गाडी २०१४ ची, ३५० सीसी, एक सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की पहिले वीस प्रतिसाद 'ती घेतलीच कशाला' यावर येतात.

तक्रार अशी. दिवे घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडला की मागून फट्, फटफट्, फाट् सुरू. चढताना एक शब्द नाही. सपाटीला साठच्या वेगात नाही. गेल्या आठवड्यात मस्तानी तलाव दिसतो त्या वळणावर पुढच्या बाईंनी स्कूटर कडेला घेऊन टायर तपासला. त्यांना वाटलं, त्यांचाच फुटला. मी मान खाली घालून पुढे गेलो.

दोन महिन्यांपूर्वी सायलेन्सर बदलला (जुना खालून गंजून चाळण झाला होता), तेव्हापासून हे चालू आहे. मग एका गॅरेजवाल्यानं प्लग बदलला. काही फरक नाही. दुसऱ्यानं कार्ब्युरेटर धुतला, 'पेट्रोल जास्त जातंय' म्हणत एक स्क्रू आत घेतला. फटाके वाढले, शिवाय आता सिग्नलला गाडी बंद पडते. तिसरा म्हणाला, इंजिन उघडावं लागेल, आठ-नऊ हजार धरून चाला.

घरच्यांची मात्र सोय झाली आहे. चौकातून गल्लीत वळताना फटाके ऐकू आले की चहाचं आधण चढतं.

इंजिन उघडण्याआधी एवढंच समजून घ्यायचं आहे: हे जळतंय काय, आणि कुठे?

अर्धवटराव

फटफटी फटफटली तर तक्रार कसली? मराठीत तिचं बारसंच त्या आवाजावरून झालंय.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाणकार येऊ द्या.

नट_बोल्ट

इंजिन उघडतो म्हणला ना, त्याच्याकडनं गाडी उचला आधी. फटाके कुठं वाजतात? सायलेन्सरात. मग हात कुठं घालायचा? सायलेन्सराला. सायलेन्सर बदलल्यापासनं चालू झालं हे तुम्हीच लिवलंय की.

इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) सायलेन्सरचा बेंड पाइप बसतो तिथं आत गॅसकेटची रिंग असती. ती बघा. बाकीचं नंतर.

इचलकरंजीला गॅरेज हाय माझं, बावीस वर्षं झाली. दहातल्या सात गाड्यांना तिथंच निघतंय.

त्रिज्या

नट_बोल्ट दादांनी उत्तर दिलंच आहे, मी फक्त 'का' ते लिहिते. चाकणला इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे, त्यामुळे दिवसभर हेच चालतं.

थ्रॉटल मिटला तरी मागचं चाक इंजिनाला फिरवत राहतं. समजा ३००० आरपीएम आहेत. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा जळण्याची पाळी, म्हणजे सेकंदाला २५ पाळ्या. पिस्टन नेहमीसारखाच ओढतोय, पण वाट जवळजवळ बंद, त्यामुळे आत येतं ते चिमूटभर मिश्रण. सिलिंडरमध्ये मागच्या पाळीचा जळका वायू थोडा उरलेला असतोच. एरवी तो जाणवत नाही. आता नवं मिश्रणच एवढं कमी की तो वरचढ होतो. ठिणगी पडते, पण ज्योत पुढे सरकत नाही. ओल्या लाकडाला काडी लावल्यासारखं. ती पाळी फुकट गेली, आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडलं.

अशा एक-दोन पाळ्यांचं पेट्रोल बेंड पाइपमध्ये जमतं. पुढची एखादी पाळी नीट पेटली की तिचा तापलेला वायू मागून येतो आणि हे सगळं पाइपमध्येच पेटवतो. तुमचा 'फाट्' तो हा.

पण पेटायला हवा लागते. पाइपमधला दाब तर बाहेर ढकलणारा, मग बाहेरची हवा आत कशी येईल? एक्झॉस्टमध्ये वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, धक्क्यांनी जातो, आणि प्रत्येक धक्क्याच्या मागे ओढीची लाट येते. थ्रॉटल उघडा असताना धक्के दांडगे, त्यामुळे सांध्यात फट असली तर वायू बाहेर फुसफुसतो. थ्रॉटल मिटला की धक्के मरतुकडे होतात, ओढ वरचढ होते आणि त्याच फटीतून ताजी हवा आत शिरते. म्हणून घाट चढताना गाडी गप्प आणि उतरताना दिवाळी.

जाता जाता: आमच्याकडे बॅकफायर म्हणजे ज्योत उलटी कार्ब्युरेटरकडे जाणं. मागून येतो तो आफ्टरफायर.

नट_बोल्ट

ताई, आमच्याकडं दोन्हीला 'बॅक मारती'च म्हणत्यात. पुढनं कार्बुरेटरातनं मारली तर आमची पोरं 'गाडी शिंकाय लागली' म्हणत्यात.

घाटमाथा

त्रिज्याताई, छान लिहिलंत. पण न जळलेलं पेट्रोल बाहेर येतं म्हणजे पेट्रोल जास्तच झालं ना? मग दुसऱ्या गॅरेजवाल्यानं स्क्रू आत घेतला त्यात चुकलं काय?

त्रिज्या

इथेच बहुतेक जण फसतात, गॅरेजवालेसुद्धा. पेट्रोल न जळण्याचं कारण ते जास्त आहे हे असू शकतं, पण थ्रॉटल मिटलेला असताना बहुतेक वेळा ते कमी असतं. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, की ज्योत आणखी लवकर विझते, फुकट जाणाऱ्या पाळ्या वाढतात. एका पाळीत बाहेर जाणारं पेट्रोल थोडंच, पण पाळ्या अनेक.

मिटलेल्या थ्रॉटलला मेन जेटचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या मोठ्या भोकाचा, संबंध नसतो. तेव्हा सगळा कारभार पायलट जेटचा, म्हणजे बारक्या भोकाचा, आणि त्याच्या स्क्रूचा. तो स्क्रू कुठे आहे यावर सगळं अवलंबून. जुन्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरला तो सहसा एअर फिल्टरच्या बाजूला असतो. तो हवेचा स्क्रू: आत घेतला की हवा कमी, मिश्रण घट्ट. डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरला तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि मिश्रण सोडतो, म्हणजे आत घेतला की पातळ. उलटा हिशोब! सासवडकर, २०१४ ची ३५० म्हणजे तुमचा बहुधा डायफ्रामवाला. स्क्रू आत घेऊन त्यांनी पातळ मिश्रण आणखी पातळ केलं. सिग्नलला बंद पडते ती त्यामुळेच.

नट_बोल्ट

घरच्या घरी कळतंय ते. उतार लागला, फटाके चालू झाले की चोक अर्धा ओढायचा. फटाके कमी झाले तर गाडी पातळ चाललीया. वाढले तर घट्ट. रिकामा रस्ता बघून करा, वळणावर हात सोडून चोक शोधत बसू नका.

घाटमाथा

समजलं. मग हे सगळं ई२० च्या (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) माथी मारता येईल का? माझ्याही जुन्या दीडशे सीसीच्या गाडीला वर्षभरात हाच रोग लागलाय, आणि मी तर सायलेन्सरला हातही लावलेला नाही.

त्रिज्या

माथी नाही, पण वाटा आहे. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्याला ९ भाग पुरतात. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की एकूण आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. ऑक्सिजन सेन्सरवाली इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला काहीच कळत नाही, भोक आहे तेवढंच. त्यामुळे जुन्या जेटवर ई२० टाकलं की मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होतं. आधीच काठावर असलेली गाडी तेवढ्यानं पलीकडे जाते. आणि कंपन्यांनी धुराचे नियम पाळायला पायलटच्या जागी गाड्या काठावरच ठेवलेल्या असतात.

घाटमाथा, तुमच्या दीडशेत आणखी एक संशयित आहे. एअर फिल्टरच्या डब्यातून एक रबरी नळी थेट एक्झॉस्ट पोर्टकडे जाते का बघा. कोणी तिला पेअर म्हणतं, कोणी एआयएस, कोणी एसएआय, काम एकच: उरलेलं पेट्रोल पाइपमध्येच जळून जावं म्हणून मुद्दाम ताजी हवा सोडणं.

अर्धवटराव

थांबा थांबा. म्हणजे कंपनीच पाइपमध्ये हवा सोडते, आणि आपण फट शोधत फिरायचं?

त्रिज्या

😄 म्हणूनच त्या नळीवर पहारेकरी बसवलेला असतो. थ्रॉटल मिटला की इनटेकमधली ओढ वाढते, त्या ओढीनं एक पडदा खेचला जातो आणि हवेची वाट बंद होते. दहा-बारा वर्षांनी पडदा फाटतो किंवा ओढ पोचवणारी बारकी नळी चिरते. मग पहारेकरी झोपलेला, दार उघडं, उतारावर फटाके. तपासायला मोठी नळी काढून दोन्ही तोंडं बंद करा आणि एक चक्कर मारा. आवाज गेला तर चोर सापडला. नंतर व्हॉल्व्ह बदलून नळी पुन्हा जोडा, बोळा तसाच ठेवू नका.

जुनी_फटफटी

चर्चा वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी येझदी होती, टू-स्ट्रोक, अडीचशे. तिला पेअर नाही, सेन्सर नाही, व्हॉल्व्हसुद्धा नाहीत. तरी उतारावर फुटायचीच. थ्रॉटल मिटला की नवं मिश्रण इतकं थोडं येई की जुना धूर बाहेर ढकलला जात नसे. मग दोन-तीन फेऱ्यांनी एकदा पेटायची. टिंग, टिंग-टिंग, टिंग. तो तिचा स्वभाव, रोग नव्हे.

कुंभार्ली घाट उतरताना आमची भीती वेगळी होती. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्येच कालवलेलं. थ्रॉटल मिटून चार किलोमीटर उतरलात म्हणजे इंजिन जोरात फिरतंय आणि ऑइल थेंबभर. म्हणून दर थोड्या वेळानं एकदा थ्रॉटल पिळायचा, तिला घोटभर पाजायचं. पोफळीला पोचेपर्यंत मनगटाला सवय झालेली असे. आता फोर-स्ट्रोक चालवतो तरी उतारावर मनगट आपोआप वळतं. नातू हसतो.

नट_बोल्ट

काका, 🙏. ही सवय आमच्या वडलांना पण हाय.

मोकळा_सायलेन्सर

तुम्ही लोक फटाके बंद करायला धडपडताय आणि मी मुद्दाम फोडतो. उतारावर किल स्विच दोन सेकंद बंद, परत चालू. असला बार निघतो ना, अख्खा चौक वळून बघतो. इंजिनाला काही होत नाही, दोन वर्षं करतोय.

नट_बोल्ट

भावा, किल स्विच दाबलास तरी कार्बुरेटरातनं पेट्रोल येतंयच. दोन सेकंदांचं सगळं सायलेन्सरात भरलं, ठिणगी आली, बार. परवाच असला एक सायलेन्सर आला हुता माझ्याकडं, शिवणीवर उसवलेला. आतली जाळी निघून तोंडाशी अडकलेली. पोरगं म्हणतंय, गाडी ओढत नाही. कशी ओढंल? नाकात बोळा घालून पळ बघू तू.

त्रिज्या

आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरातला भाग) असेल तर तो सगळा बार त्याच्यात जळतो. आतली बारीक जाळी वितळून गोळा होते. त्याची किंमत विचारून ठेवा, मग किल स्विच दाबा.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२): आवाज आणि धुराच्या नियमभंगाला पहिल्या वेळीच दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो पाहिलेच असतील.

मोकळा_सायलेन्सर

बरं बाबा. धागा सोडतो.

बीएस६_वाला

एक उपप्रश्न. माझी इंजेक्शनची गाडी आहे, सायलेन्सर कंपनीचाच. घाटात थ्रॉटल सोडला की सगळं शांत, पण वेग बराच उतरल्यावर एखादंच हलकं 'फुट्' येतं. काळजी करू का?

त्रिज्या

नको. उतारावर तुमचा संगणक पेट्रोल पूर्णच तोडतो, म्हणून शांतता. आरपीएम आयडलिंगच्या जवळ आले की इंजिन बंद पडू नये म्हणून पुन्हा सोडतो. त्या सांध्यावर एखादी पाळी हुकते. एवढ्याचं मनावर घेऊ नका. सायलेन्सर मात्र बदलू नका, आणि बदललात तर ऑक्सिजन सेन्सर 'नको असलेली वायर' म्हणून कोणाला काढू देऊ नका.

सासवडकर

रविवार सत्कारणी लागला. अहवाल देतो.

आधी चोकची परीक्षा. वडकीच्या वर, रस्ता मोकळा बघून. चोक अर्धा ओढला, फटाके निम्म्यावर आले. म्हणजे गाडी पातळ.

मग घरी गळती शोधायला बसलो. मी अगरबत्ती पेटवून सांध्याजवळ धरणार होतो, धूर हलला की कळेल म्हणून. बरं झालं, आधी नट_बोल्ट दादांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला.

नट_बोल्ट

अगरबत्ती देवापुढं लावा म्हटलं, कार्बुरेटरपुढं नको.

सासवडकर

😄 तर अगरबत्तीऐवजी भांड्यांच्या साबणाचं पाणी. इंजिन पूर्ण गार असताना हेडच्या सांध्यावर पाणी सोडलं, गाडी चालू केली, मुलाला जाड फडकं हातात देऊन सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर धरायला लावलं. सांध्याच्या खालच्या अंगाला, बसून मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, फेसाचा बुडबुडा फुगला. फुटला. परत फुगला. नीट पाहिलं तर त्याच्या वरच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या पत्रीवर (फिनवर) बोटभर लांबीचा काळा ओघळ होता, काजळासारखा. दोन महिने मी तो ऑइलचा डाग समजत होतो.

दोन नट काढून बेंड पाइप खाली घेतला. आत गॅसकेटची रिंग दिसली, नवीच, पण एका बाजूनं दबलेली आणि दुसऱ्या बाजूनं गोल. बोटानं काढली. पोर्टमध्ये बोट फिरवलं तर आत अजून एक कडा लागली. टॉर्च लावला. मंडळी, जुनी रिंगही आतच होती! काळी पडून पोर्टसारखीच दिसत होती. सायलेन्सर बसवणाऱ्यानं जुनी न काढता तिच्यावरच नवी ठेवली आणि नट आवळून मोकळा झाला. पाइप सरळ बसणार कसा?

जुनी काढायला पाऊण तास गेला. स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू, पोर्टला ओरखडा जाऊ न देता. शेवटी दोन तुकड्यांत निघाली. नवी रिंग चाळीस रुपयांची.

घाटमाथा

आठ-नऊ हजार आणि चाळीस रुपये. हे फ्रेम करून लावा.

नट_बोल्ट

म्हटलं हुतं. आता दोन्ही नट आळीपाळीनं थोडं-थोडं आवळा, एकच एकदम नको, नाहीतर पाइप परत तिरका बसंल. आणि नवी रिंग गरम झाल्यावर दबती. एक फेरी मारून, गाडी गार झाल्यावर नट परत बघा.

त्रिज्या

वा! स्क्रूही बाहेर घ्या. आधी हळूच पूर्ण आत, टेकेपर्यंतच, पिळू नका, आणि किती फेरे मोजले ते लिहून ठेवा. मग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. इंजिन गरम करून पाव-पाव फेरा बाहेर घेत जा आणि आयडलिंग ऐका. जिथे सगळ्यात स्थिर आणि वर असेल तिथे थांबा. आयडलिंगचा वेग त्यानंतर वेगळ्या स्क्रूनं खाली आणा.

जुनी_फटफटी

एवढं करताय तर टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फटही, बघा. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर तोही फटच समजायचा. माप गार इंजिनावर.

सासवडकर

चार दिवस वापरून लिहितोय.

गॅसकेटनं ऐंशी टक्के काम केलं. गार झाल्यावर नट पुन्हा पाहिले, दोन्ही पाव-पाव फेरा गेले. टॅपेट ठीक होते. स्क्रू अर्धाच फेरा बाहेर होता, आता पावणेदोनवर आहे. सिग्नलला बंद पडत नाही. काल पूर्ण दिवे घाट थ्रॉटल मिटून उतरलो, एकदाच 'फुट्' आलं, तेही तळाशी. तेवढं तिला माफ.

फक्त घरी नवी तक्रार. काल गल्लीत आलो, गाडी लावली, दारात उभा राहिलो तरी चहाचं नाव नाही. आई म्हणाली, "आलास कधी? वाजली नाही ती."

अर्धवटराव

मोकळा_सायलेन्सर, परत या. काकूंना तुमची गरज आहे.

नट_बोल्ट

वळणावर दोनदा हॉर्न मारत जावा. बॅटरी तेवढी बघा.